केंद्रकी आणि रायबोझोमवर संशोधन करायचंय, पण हे आयुष्य नक्की कसं असतं?

देवगडची_मयू

नमस्कार सगळ्यांना, इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. मी देवगड तालुक्यातली, सध्या रत्नागिरीत हॉस्टेलला राहून बीएस्सी बॉटनीच्या शेवटच्या वर्षाला आहे. बाबांची हापूसची कलमं आहेत, आई घरचं सगळं बघून आमसुलं आणि कोकम आगळ करून विकते.

गेल्या वर्षी भ्रूणपोष (बीमधला भ्रूणाचा अन्नसाठा) शिकवताना आमच्या मॅडमनी शहाळं आणायला सांगितलं होतं, अगदी कोवळं, आत मलई धरायच्या आधीचं. त्याचं पाणी सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवलं, तळाशी बसलेला गाळ स्लाईडवर घेतला, वर ॲसिटोकार्माईनचा थेंब टाकला आणि खाली बघितलं तर लाल लाल गोल केंद्रकं, आणि भोवती पेशीची भिंतच नाही! मॅडम म्हणाल्या शहाळ्याचं पाणी म्हणजे सुटी केंद्रकं तरंगत असलेला भ्रूणपोषच आहे, भिंती नंतर तयार होतात तेव्हा त्याची मलई आणि मग खोबरं होतं. लहानपणापासून किती शहाळी प्यायलेय मी, आणि हे मला वयाच्या १९ व्या वर्षी कळलं. पुढच्या आठवड्यात कांद्याच्या मुळाच्या टोकाचं स्क्वॅश केलं तेव्हा केंद्रकात एक फिकट गोल जागा दिसली, बाकी सगळं रंगलेलं आणि तेवढीच जागा फिकी. मी म्हटलं स्लाईड बिघडली. मॅडम म्हणाल्या नाही, ती केंद्रकी आहे, रायबोझोम म्हणजे प्रथिनं बनवणारी पेशीतली यंत्रं, ती बनायला तिथे सुरुवात होते.

तेव्हापासून डोक्यात तेच आहे. जे मिळेल ते वाचतेय, निम्मं कळत नाही तरी वाचतेय. मला ह्याच विषयात पीएचडी करायची आहे. पण घरी बीएड कर म्हणतात, मुंबईची आत्या म्हणते तलाठ्याची परीक्षा दे. बाबा चिडत नाहीत, ते फक्त विचारतात "ह्याचा उपयोग काय गो?" आणि मला उत्तर देता येत नाही, त्याचंच जास्त वाईट वाटतं.

इथे कोणी ह्या विषयात काम केलेलं असेल तर सांगाल का, रोज दिवसभर करता काय तुम्ही? एकाच गोष्टीवर ५-६ वर्षं माणूस कसा राहतो? पैशाचं कसं होतं? खरं खरं सांगा, गोड बोलू नका.

गुहागरकरीण

मयू, शहाळ्याचं वाचून अंगावर काटाच आला बघ. मी १४ वर्षं ह्याच विषयात आहे, पीएचडी दक्षिणेतल्या एका संस्थेत, मग ४ वर्षं बाहेर पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) आणि आता परत येऊन पुण्यात काम करते. माझं सगळं काम यीस्टमध्ये. माडी उतरवली की काही तासांत तिला फेस येतो ना, तो यीस्टमुळे, त्याच जातीचं यीस्ट आम्ही लॅबमध्ये वाढवतो.

आधी विषयाबद्दल सांगते, कारण तुला तो का धरून बसलाय हे मला समजतंय. जोमात वाढणाऱ्या यीस्टच्या एका पेशीत साधारण २ लाख रायबोझोम असतात आणि ती पेशी दीड-पावणेदोन तासात दुप्पट होते, म्हणजे हिशोब कर, मिनिटाला जवळजवळ २००० नवीन रायबोझोम बनवायला लागतात. एका रायबोझोममध्ये ४ आरएनए आणि ७९ प्रथिनं. प्रथिनं बनतात बाहेर पेशीद्रव्यात, ती केंद्रकाच्या छिद्रांतून आत येतात, केंद्रकीत ताज्या आरएनएवर बसायला लागतात, आणि मग लहान भाग वेगळा, मोठा भाग वेगळा असे परत छिद्रांतून बाहेर जातात. हे जुळवायला २०० च्या वर मदतनीस प्रथिनं लागतात, जी काम झालं की सुटतात आणि स्वतः रायबोझोमचा भाग कधीच होत नाहीत. मी त्या २०० पैकी एकावर काम केलं. एकाच. पीएचडीची सगळी वर्षं.

आता रोजचं काम. आमचा मुख्य प्रयोग पॉलिसोम प्रोफाईलचा, म्हणजे एकेका आरएनएवर किती रायबोझोम चढलेत ते बघायचं. नळीत साखरेचं द्रावण असं भरायचं की तळाला ५० टक्के आणि वर १० टक्के, मधे कुठे पायरी राहता कामा नये, सगळी हळूहळू चढत गेलेली. ती नळी कोल्ड रूममध्ये ४ डिग्रीला. दुसऱ्या दिवशी यीस्टला सायक्लोहेक्झिमाईड द्यायचं म्हणजे रायबोझोम आरएनएवर जिथे असतील तिथेच थिजतात, मग पेशी फोडायच्या आणि तो रस साखरेवर इतक्या अलगद सोडायचा की पृष्ठभाग हलला नाही पाहिजे. हात थरथरला की गेलं. मग अल्ट्रासेंट्रीफ्यूजमध्ये मिनिटाला ३९,००० फेऱ्या, तीनेक तास. नंतर नळी वरून खालपर्यंत हळूहळू यूव्हीसमोरून जाते आणि कागदावर रेघ उमटत जाते, आधी ४०एसचा म्हणजे लहान भागाचा छोटा उंचवटा, मग ६०एसचा म्हणजे मोठ्या भागाचा, मग ८०एसचा म्हणजे पूर्ण रायबोझोमचा उंच सुळका, आणि त्यानंतर लाटा, एकामागून एक, दोन रायबोझोम माळलेल्या आरएनएची लाट, तीनवाल्यांची लाट, चारवाल्यांची. पहिल्यांदा स्वतःच्या हाताने त्या लाटा आल्या तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी एकटीच होते लॅबमध्ये. मे महिना होता, घरी सगळे आंब्याच्या पेट्या भरत होते आणि मी स्वेटर घालून कोल्ड रूममधून आत-बाहेर करत होते. ती रेघ अजून माझ्याकडे आहे.

आणि आता जे गोड नाही ते. माझ्या म्युटंटमध्ये, म्हणजे त्या प्रथिनाचा जीन बिघडवलेल्या यीस्टमध्ये, ६०एसचा उंचवटा बसका यायचा, आणि लाटांच्या खांद्यावर अजून एकेक बारका उंचवटा दिसायचा, म्हणजे लहान भाग आरएनएवर चढून मोठ्या भागाची वाट बघत थांबलेत. मी म्हटलं झालं, माझं प्रथिन मोठ्या भागासाठी लागतं. दोन वर्षं त्यावर प्रयोग रचले. मग तो जीन चांगल्या रूपात प्लास्मिडवरून (डीएनएच्या छोट्या कड्यावरून) परत घातला तर दोष गेलाच नाही. खरं तर हे मी पहिल्या महिन्यात करून बघायला हवं होतं. त्या स्ट्रेनमध्ये (यीस्टच्या वाणात) दुसरंच कुठलं तरी म्युटेशन होतं, मला दिसत होतं ते त्याचं होतं. दोन वर्षं गेली. मी गावी येऊन आठ दिवस वेळणेश्वरला समुद्रावर नुसती बसून होते. मग परत जाऊन क्रॉस केला, स्पोअर सुईने एकेक वेगळे केले, स्ट्रेन पहिल्यापासून बांधला आणि पुढच्या दीड वर्षात जे खरं होतं ते मिळालं, आधीपेक्षा लहान गोष्ट होती पण खरी होती. तू विचारतेस ना एकाच गोष्टीवर माणूस कसा राहतो, तर तो असा राहतो, त्याला उत्तर हवंच असतं, आणि चुकीचं उत्तर घेऊन पुढे जाणं त्याच्याच्याने होत नाही. ते तुझ्यात आहे का हे स्लाईड बिघडली म्हणून तू सोडून दिली नाहीस, विचारलंस, त्यावरून मला तरी दिसतंय.

पीएचडीसाठी लॅब निवडताना विषय नंतर बघ, माणूस आधी बघ. गाईडच्या विद्यार्थ्यांना एकेकट्यांना भेट, त्यांना किती वर्षं लागली विचार, सोडून गेलेल्यांना शोधून विचार. मी हे विचारलं होतं म्हणून त्या दोन वर्षांनंतर उभी राहिले, माझ्या गाईडनी एकदाही आवाज चढवला नाही, नुसतं म्हणाले उद्यापासून परत सुरू करू.

वाट अशी: एमएस्सीसाठी जॅम किंवा गॅट-बी ही प्रवेश परीक्षा दे, आणि टीआयएफआर-एनसीबीएस ह्या संशोधन संस्थांची जीवशास्त्राची परीक्षा असते ती दे, तिच्यातून बीएस्सीनंतर थेट इंटिग्रेटेड पीएचडीलाही जाता येतं. तीन विज्ञान अकादम्यांची मिळून उन्हाळी फेलोशिप असते, तिला ह्याच वर्षी अर्ज टाक, दोन महिने खऱ्या लॅबमध्ये राहायला मिळतं आणि ते दोन महिने तुला जे सांगतील ते आम्ही कोणी सांगू शकणार नाही.

कलमवाला

माझी स्वतःची बाग आहे, सायन्स बारावीपर्यंतच, पण बाबांच्या बाजूने बोलतो. उपयोग काय असं विचारणारा बाप वाईट नसतो, त्याला पोरगी उद्या एकटी पडेल ह्याची भीती असते. त्यांना सांग की हापूसमधला साका अजून आपल्याला छळतोय, वरून फळ सोन्यासारखं आणि कापलं की आत पांढरट भुसभुशीत, पेटी परत येते. हे पेशींतलंच दुखणं आहे ना? मग पेशी शिकलेली माणसं आपल्या घरातली असायला हवीत. दापोलीला कृषी विद्यापीठ आहे, तिथेही चौकशी करा.

गुहागरकरीण

@कलमवाला दादा, मनापासून लिहिलंत आणि साक्याचं दुःख मला माहितीये, आमच्याही पेट्या परत आल्यात. पण मयू, बाबांना साक्याचं आश्वासन देऊ नकोस. केंद्रकीवर काम करून साका जाईल असं मी म्हणू शकत नाही आणि तूही म्हणू नकोस. तुला साक्यावर काम करायचं असेल तर खुशाल कर, फार मोठं काम आहे ते, पण मग त्यासाठी म्हणून जा. एकाचं नाव सांगून दुसरं करायला गेलीस तर पाच वर्षं मनात टोचत राहील.

वाशिष्ठीकाठ

मी चिपळूणचा, मी ह्यातून बाहेर पडलेला आहे म्हणून माझंही ऐक. माझं काम केंद्रकाच्या आवरणावर होतं, आतल्या बाजूला लॅमिन नावाच्या प्रथिनांचं अस्तर असतं त्याच्यावर. आपल्याकडे हैदराबादच्या सीसीएमबी ह्या संशोधन संस्थेत वीणा परनाईक यांनी लॅमिनवर वर्षानुवर्षं काम केलंय, त्यांचे पेपर वाचूनच मी ह्या विषयाकडे ओढला गेलो. लॅमिन ए च्या जीनमधल्या एका बारीक बदलामुळे प्रोजेरिया होतो, लहान मुलं म्हातारी दिसायला लागतात, हे २००३ मध्ये सापडलं. त्या पेशींची केंद्रकं गोल नसतात, चुरगळल्यासारखी, फुगे आल्यासारखी दिसतात. एकदा ती बघितली की विसरता येत नाहीत.

पैशाचं तू विचारलंस म्हणून सरळ लिहितो. जेआरएफला, म्हणजे पीएचडीच्या सुरुवातीच्या फेलोशिपला, २०२३ पासून महिना ३७,००० मिळतात, दोन वर्षांनी एसआरएफ (वरची पायरी) झालं की ४२,०००, हॉस्टेल नसेल तर घरभाडं वेगळं. कागदावर एकट्या माणसाला पुरतं. पण दर महिन्याला येतंच असं नाही. माझी फेलोशिप पाचव्या वर्षी सात महिने अडकली होती, कागद ह्या टेबलावरून त्या टेबलावर, रोज फोन करायचो. मेसचे पैसे मित्रांनी भरले. त्यामुळे पहिल्या महिन्यापासून थोडे थोडे बाजूला टाक, सहा महिन्यांचा खर्च हाताशी असलाच पाहिजे. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

आणि दुसरी गोष्ट. २२ जुलै २०२१, चिपळूणचा पूर. मी दुसऱ्या राज्यात लॅबमध्ये होतो. पहाटे बाबांचा फोन आला की पाणी पायऱ्यांना लागलंय, मग फोन बंद. आई-बाबा माळ्यावर होते आणि मला ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माहीत नव्हतं. आणि इकडे इन्क्युबेटरमध्ये माझ्या पेशी, तीन आठवडे निवडून निवडून वाढवलेले क्लोन, एक दिवसाआड मीडिया बदलला नाही तर मरणार. मी उभ्याउभ्या सगळं टाकून निघालो. घरी गुडघाभर चिखल, माझी बारावीची वह्यापुस्तकं, आईची शिलाई मशीन, सगळं एकजीव झालेलं. अकरा दिवस चिखल उपसला. परत गेलो तर लॅबमधल्या माझ्या ज्युनिअर मुलीने एकही दिवस न चुकता माझे क्लोन सांभाळले होते, प्रत्येक प्लेटवर तारीख आणि मीडिया कितीला बदलला ते लिहून. मी तिथेच इन्क्युबेटर उघडा धरून रडलो. म्हणून सांगतो, लॅबमध्ये माणसं जोडून ठेव, तुझे प्रयोग कोणाला तरी समजतील असे वहीत लिहीत जा, कारण असा दिवस येतो.

सहाव्या वर्षी दुसऱ्या एका गटाने आमच्याच निष्कर्षाचा पेपर आमच्या आधी छापला. माझी थिसिस झाली पण पोस्टडॉकला जायचं बळ राहिलं नाही. आता नवी मुंबईत एका कंपनीत आहे, बायोसिमिलर (मूळ जैविक औषधांसारख्या) औषधांच्या तपासणीत, पगार बरा आहे, आठवड्याला घरी जाता येतं. पेशी सांभाळायला, आकड्यांवर शंका घ्यायला मी तिथेच शिकलो आणि त्याच्यावरच आज पोट आहे. गेलो नसतो तर बरं झालं असतं असं मला एकदाही वाटलं नाही. पण जाताना हेही धरून जा की पीएचडी केलेले सगळे प्रोफेसर होत नाहीत, जागाच तेवढ्या नाहीत.

जीवशास्त्र_सर_सावंतवाडी

मयू बाय, मी ३१ वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, आता रिटायर आहे. संशोधन मी केलं नाही, पण बाबांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे असं मला वाटतं, त्यांना हे वाचून दाखव.

आपल्या सिंधुदुर्गात लावणीच्या दिवसांत लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस तापाची) भीती असते. उंदरांच्या मुतातून जंतू शेतातल्या पाण्यात येतात, पायाला भेग असली की तिथून शरीरात. लावणीला उतरणाऱ्यांना आरोग्य खात्याची माणसं डॉक्सीसायक्लिन देऊन जातात, तुझ्या आईबाबांनीही घेतली असेल. आता ही गोळी करते काय? ती जंतूच्या रायबोझोमच्या लहान भागावर, म्हणजे ३०एसवर, अशा जागी जाऊन बसते की अमिनो आम्ल घेऊन येणाऱ्या टीआरएनएला टेकायला जागाच मिळत नाही. जंतूचं प्रथिन बनणं थांबतं. आपल्या पेशींतला रायबोझोम वेगळ्या घडणीचा, ८०एसचा, म्हणून जंतू अडतो आणि माणूस चालत राहतो. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, ॲझिथ्रोमायसिन, सगळ्यांचं लक्ष्य रायबोझोमच. म्हणजे चिखलात उभा राहून तरवा लावणारा माणूस संध्याकाळी घरी धडधाकट येतो त्यात रायबोझोमचा वाटा आहे. असा आहे गो उपयोग.

आणि हे औषध रायबोझोमवर नेमकं कुठे बसतं हे डोळ्यांनी बघता आलं ते २००० सालाच्या आसपास, जेव्हा रायबोझोमची रचना अणूंच्या पातळीवर उलगडली. त्याच्यासाठी २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं, वेंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि आडा योनाथ. योनाथबाईंनी १९८० च्या सुमारास रायबोझोमचे स्फटिक करायला घेतले तेव्हा हे होणारच नाही असं लोक म्हणत होते, आणि वीस वर्षं त्या त्याच्यावर राहिल्या. त्यांनी मृत समुद्रात राहणारा एक सूक्ष्मजीव घेतला होता, मिठात जगणारा, कारण त्याचा रायबोझोम खाऱ्यातही टिकतो. आपल्या मिठागरांमध्ये शेवटी शेवटी पाणी लालसर होतं ते अशाच मीठखाऊ जीवांमुळे. मी मुलांना शिरोड्याच्या मिठागरावर नेऊन दाखवायचो.

रामकृष्णन यांचंही सांग घरी. चिदंबरमचा जन्म, बडोद्याला बीएस्सी, तीही फिजिक्समध्ये, अमेरिकेत जाऊन पीएचडीही फिजिक्समध्येच केली, आणि मग आपलं मन जीवशास्त्रात आहे हे कळल्यावर परत विद्यार्थी म्हणून वर्गात जाऊन बसले. नंतर प्रोफेसरच्या नोकरीसाठी पन्नासेक विद्यापीठांना अर्ज केले, कुठेच काम झालं नाही. मग राष्ट्रीय प्रयोगशाळांमध्ये काम केलं आणि तिथून पुढे गेले.

मुलगी म्हणून काळजी वाटत असेल तर कमला सोहोनी यांचं नाव आईला सांग. १९३३ मध्ये बंगळुरूला भारतीय विज्ञान संस्थेत त्यांना आधी मुलगी म्हणून नाकारलं होतं, त्या हटल्या नाहीत, आणि १९३९ मध्ये केंब्रिजहून पीएचडी घेऊन आल्या. पुढे मुंबईत त्यांनी नीरेवर काम केलं. आपल्या माडाची-ताडाची नीरा! कुपोषित मुलांना ती कशी उपयोगी पडेल ह्याचा अभ्यास केला आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रपतींचं पारितोषिक मिळालं.

देवगडची_मयू

मला काय लिहावं कळत नाहीये. सरांचं डॉक्सीचं काल रात्री फोनवर बाबांना वाचून दाखवलं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले गेल्या जुलैमध्ये शेजारचे काका लेप्टोने ओरोसला ॲडमिट होते, डॉक्टरांनी काय दिलं होतं विचारायला हवं. आणि मग म्हणाले, उन्हाळ्याचा तो फॉर्म भर, पण मे महिन्यात नसलीस तर पेट्यांना माणूस बघायला लागेल मला. आई मागून म्हणत होती माणूस बघू, भरू दे तिला. बीएडचा विषय अजून संपलेला नाही पण निदान फॉर्म भरते.

@वाशिष्ठीकाठ दादा, तुमचं वाचून खूप वेळ नुसती बसून राहिले. वहीचं लक्षात ठेवेन.

@गुहागरकरीण ताई, एक विचारायचं होतं. ती फिकी जागा रंगवून बघता येईल का आमच्या कॉलेजमध्ये? यंत्र वगैरे काही नाही आमच्याकडे, साधा मायक्रोस्कोप आहे.

गुहागरकरीण

नक्की येईल. ॲसिटोकार्माईन गुणसूत्रं धरतं म्हणून केंद्रकी फिकी राहिली, तिथे डीएनए थोडा आणि आरएनए भरपूर असतो. मॅडमना विचार मिथाईल ग्रीन आणि पायरोनिन हे दोन रंग कॉलेजात आहेत का, बहुतेक असतील, एकत्र वापरायचे. डीएनए हिरवट-निळा दिसतो आणि आरएनए गुलाबी. कांद्याचं मूळ सकाळी ताजं काप, जिथे वाढ जोरात चाललीये ते टोकाचं २-३ मिलिमीटरच घे, कारण वाढणाऱ्या पेशींची केंद्रकी मोठी असते. कॅन्सरच्या पेशी तपासताना पॅथॉलॉजिस्ट मोठ्या, वेड्यावाकड्या केंद्रक्या शोधतात ते ह्याच कारणाने, जी पेशी वेगाने वाढते तिला रायबोझोम जास्त लागतात.

आणि एक जुना प्रयोग वाचून ठेव, माझा सगळ्यात आवडता. १९६४ मध्ये डोनाल्ड ब्राऊन आणि जॉन गर्डन यांनी आफ्रिकन बेडकाची अशी पिल्लं अभ्यासली ज्यांच्या पेशींत केंद्रकीच नव्हती. ती रायबोझोमचा नवीन आरएनए बनवूच शकत नव्हती. तरी अंड्यातून बाहेर आली, काही दिवस पोहलीसुद्धा, आणि मग मेली. इतके दिवस जगली कशावर? आईने अंड्यात भरून दिलेल्या रायबोझोमवर. केंद्रकी कशासाठी असते हे त्या पिल्लांवरून पक्कं झालं. पीएचडीच्या पहिल्या वर्षी हे वाचलं आणि मी लगेच घरी फोन लावला होता, आईशी बोलावंसं वाटलं म्हणून, कारण मी आईने भरून दिलेल्या डब्यांवर पहिलं सेमिस्टर काढलं होतं.

लहान मुलांमध्ये डायमंड-ब्लॅकफॅन नावाचा ॲनिमिया असतो, रक्तातल्या लाल पेशीच नीट बनत नाहीत. १९९९ मध्ये कळलं की काही मुलांमध्ये रायबोझोमच्याच एका प्रथिनाच्या जीनमध्ये बिघाड आहे. रायबोझोम सगळ्या पेशींत असतो, मग रक्तालाच एवढा फटका का, ह्याच्यावर अजून काम चालू आहे. बाबांनी परत विचारलं तर हेही सांग.

देवगडची_मयू

ताई, शनिवारी केलं! मिथाईल ग्रीन पायरोनिन होतं, बाटलीच्या तळाला थोडंसं राहिलेलं, मॅडमनी नवीन द्रावण करून दिलं. पहिल्या तीन स्लाईड सगळ्याच गुलाबी झाल्या, जास्त वेळ ठेवला बहुतेक. चौथीला आलं. हिरवट केंद्रक आणि आत गुलाबी ठिपका, इतका स्पष्ट की मी आमच्या बॅचच्या सगळ्यांना बोलावून बोलावून दाखवला. लॅबवाल्या मामांनीही बघितला, ते म्हणाले एवढी वर्षं काचा धुतोय पण हे कधी बघितलं नव्हतं.

पण काही केंद्रकांत एकच ठिपका आहे आणि काहींत दोन. एका ठिकाणी तर दोन ठिपके एकमेकांना चिकटलेले, मधे कंबर असल्यासारखे. हे दोन का? माझ्या हातून काही चुकलं का?

गुहागरकरीण

काही चुकलं नाही. काही ठराविक गुणसूत्रांवर रायबोझोमच्या आरएनएचे जीन ओळीने असतात, माणसात अशी १३, १४, १५, २१ आणि २२ क्रमांकाची. त्या जागांभोवती केंद्रकी तयार होते, म्हणून सुरुवातीला एकापेक्षा जास्त असू शकतात, मग त्या जवळ आल्या की एकमेकींत मिसळतात. माशाच्या सारावर तेलाचे दोन थेंब जवळ आले की कसे एक होतात, तसंच. ही उपमा नुसती उपमा नाही, २०११ मध्ये बेडकाच्या अंडपेशीत मोजून दाखवलंय की केंद्रकी द्रवाच्या थेंबासारखी वागते. तुझा कंबरवाला ठिपका त्या मिसळण्यातलाच असू शकतो, किंवा नसेलही, एका स्लाईडवरून ते सांगता येणार नाही.

आता असं कर, एकाच मुळाच्या टोकापासून १ मिलिमीटर, २ मिलिमीटर आणि ५ मिलिमीटर अशा तीन ठिकाणच्या पेशी घे, प्रत्येक ठिकाणची १०० केंद्रकं मोज, एक ठिपका किती, दोन किती, कंबरवाले किती. वहीत तारीख, वेळ, रंग किती मिनिटं ठेवला ते सगळं लिही. आकडे काय येतील असं तुला वाटतं ते मोजायच्या आधीच लिहून ठेव आणि मग मला सांग.

देवगडची_मयू

कांदे पाण्यात ठेवलेत आत्ताच, चार. गुरुवारपर्यंत मुळं येतील. मला वाटतं टोकाजवळ दोनवाले जास्त असतील, कारण तिथे पेशी नुकत्याच विभागलेल्या असतात आणि ठिपक्यांना एकत्र यायला वेळ मिळालेला नसतो. वहीत लिहिलंय.